कळतं, पण त्या क्षणी वळत नाही

“मोबाइल हातात दिला की तीन तास जागचा हलत नाही. मग अभ्यासाला बसल्यावरच याच्या अंगात किडे का येतात?”

मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता यांचा विकार) असू शकतो असं पहिल्यांदा ऐकणारे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. त्यात तक्रार असते आणि थोडा संशयही असतो: पोरगं आपल्याला बनवत तर नाही ना? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट उमगलं तर घरातली बरीच भांडणं टळतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

या मुलांकडे लक्षाचा तुटवडा नसतो. ते कुठे लावायचं, किती वेळ तिथे टिकवायचं आणि कधी काढून घ्यायचं, हा कारभार त्यांच्या हातात पुरेसा नसतो. मोबाइलवरचा गेम दर काही सेकंदांनी गुण देतो, आवाज करतो, हरवतो, पुन्हा संधी देतो. भूगोलाच्या धड्याचं फळ मिळणार ते सहामाहीच्या निकालात, तेही मिळालं तर. इतर मुलांचा मेंदू त्या लांबच्या फळाकडे बघून आजचा कंटाळा कसाबसा निभावून नेतो. एडीएचडी असलेल्या मुलाच्या मेंदूत लांबच्या फळाला फारसं वजनच नसतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एडमंड सोनुगा-बार्क यांनी या मुलांना वाट पाहणं किती असह्य होतं यावर बरंच संशोधन केलं आहे. बक्षिसाची ओढ आणि प्रयत्नाची उमेद यांच्याशी संबंधित असलेल्या डोपामिन या रसायनाचं काम इथे वेगळ्या पद्धतीनं चालतं, असं आजवरचा अभ्यास सुचवतो. तेव्हा तीन तासांचा मोबाइल हा एडीएचडी नसल्याचा पुरावा ठरत नाही. उलट तो या स्थितीच्या चित्रात चपखल बसतो.

दुसरी गोष्ट आईवडिलांना जास्त चक्रावून टाकते. शांत बसवून विचारलं तर याच मुलाला सगळं ठाऊक असतं. रस्ता कसा ओलांडायचा, बहिणीला का मारू नये, दप्तर रात्रीच का भरावं, सगळं तो मुद्देसूद सांगेल. आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना, एक बूट हातात धरून खिडकीतून कावळा बघत उभा असेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी अनेक वर्षं हेच मांडलं आहे की या मुलांचं अडतं ते माहितीपाशी नव्हे, माहीत असलेलं ऐनवेळी हातून घडण्यापाशी. हे एकदा मान्य केलं की रात्री नऊ वाजता सोफ्यावर बसवून दिलेल्या व्याख्यानाचा काही उपयोग का होत नाही ते उघड होतं. मदत हवी असते सात दहाला, बुटाच्या कपाटापाशी. आपण ती देतो चौदा तासांनी, दुसऱ्याच खोलीत आणि चढ्या आवाजात.

मेंदूच्या वाढीचा एक मोठा अभ्यास इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या 223 मुलांच्या आणि नसलेल्या तेवढ्याच मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं काढली, आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापले. मेंदूचं बाहेरचं आवरण वाढत्या वयात एका टप्प्यापर्यंत जाड होत जातं आणि मग पातळ होऊ लागतं. आवरणाच्या बहुतेक भागांत हा टप्पा इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी आला, एडीएचडीच्या गटात साडेदहाव्या. कपाळामागच्या भागात, जिथून आवर घालणं, बेत आखणं, थांबणं ही कामं चालतात, तिथे उशीर सर्वांत ठळक होता. हालचालींचं नियंत्रण करणारा भाग मात्र या मुलांत थोडा लवकरच तयार झाला होता. हे गटाच्या सरासरीचे आकडे आहेत. एखाद्या मुलाचा एमआरआय काढून एडीएचडी आहे की नाही ते ठरवता येत नाही, आणि कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सरळ उठून यावं. पण वाढीचा क्रम तोच, फक्त घड्याळ मागे, हे चित्र घरात फार कामाचं आहे. दहा वर्षांचा मुलगा बुद्धीनं दहाचाच असतो, कदाचित बाराचाही असेल. पण स्वतःला आवरणं, वस्तू सांभाळणं, वेळेचा अंदाज या बाबतींत तो सात-आठ वर्षांचा धरून चाला. सात वर्षांचा मुलगा डबा शाळेत विसरला तर आपण उद्धार करत नाही, शिक्षकांना आठवण करायला सांगतो.

हे सगळं हल्लीचं खूळ आहे, आमच्या वेळी एक रट्टा पुरायचा, असं म्हणणारे एखादे काका प्रत्येक घरात असतात. “चार दिवस माझ्याकडे ठेवा, सरळ करतो” हे त्यांचं पुढचं वाक्य. काकांसाठी थोडा इतिहास. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरनं 1798 मध्येच अशा माणसांचं वर्णन लिहून ठेवलं आहे, ज्यांचं लक्ष कशावरच ठरत नाही. 1840च्या दशकात फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी आपल्या मुलासाठी रचलेल्या आणि पुढे वाढवलेल्या चित्रपुस्तकात जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर झुलणारा, शेवटी टेबलक्लॉथसकट सगळं अन्न खाली ओढणारा फिलिप आहे. 1902 साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी व्याख्यानांतून अशी मुलं मांडली, जी बुद्धीनं ठीक होती आणि तरीही क्षणाच्या ओढीला आवर घालू शकत नव्हती. स्टिल यांनी याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. निरीक्षण अचूक होतं, पण त्या ‘नैतिक’ची सावली अजून हटलेली नाही. आळशी, बेफिकीर, उद्धट, लाडावलेला: शाळेच्या डायरीतले शेरे आजही चारित्र्यावर असतात.

निदान कसं होतं? रक्ताची तपासणी नाही, यंत्र नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांनुसार लक्षाबद्दलची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाबद्दलची नऊ लक्षणं पाहतात. यांपैकी एका गटातली तरी सहा लक्षणं किमान सहा महिने, घर-शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी, आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. सतरा वर्षांपुढे पाच पुरतात. शिवाय त्यांमुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा येत असला पाहिजे. फक्त घरीच, फक्त गणिताच्याच तासाला, फक्त बाबा गावाला गेल्यापासून होत असेल तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा. रात्री घोरणारं, ॲडिनॉइड वाढलेलं मूल झोप न झाल्यामुळे दिवसभर चुळबुळ करतं. कानात कमी ऐकू येणं, डोळ्यांचा नंबर, फिट्सचा एखादा सौम्य प्रकार, घरातला ताण या सगळ्यांची सोंगं एडीएचडीसारखी दिसू शकतात. वर्गातलं सर्वांत लहान मूल तर नाही ना, हेही पाहावं. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची वयोमर्यादा 1 सप्टेंबरला धरतात, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांश जास्त वेळा एडीएचडीचं निदान झाल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. एक वर्षानं लहान असणं हा काही आजार नव्हे. म्हणून पंधरा मिनिटांत निदान करून चिठ्ठी लिहिणाऱ्यापेक्षा शिक्षकांकडून प्रश्नावली भरून मागणारा, जन्मापासूनची हकिकत विचारणारा डॉक्टर बरा.

याची उलट बाजूही आहे. मागच्या बाकावर खिडकीशी बसलेली, कुणाला त्रास न देणारी, स्वप्नाळू मुलगी कुणाच्या नजरेत येत नाही. हुशार आहे पण धांदरट, असं म्हणत तिची शाळा संपते. मुलींमध्ये उड्या मारण्यापेक्षा हरवून जाण्याची लक्षणं बरेचदा जास्त असतात, आणि निदान झालंच तर उशिरा होतं.

जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण पाच टक्के मुलांमध्ये एडीएचडी आढळतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन. तो येतो कुठून? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून त्यातला आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात निघतो, जवळजवळ उंचीइतका. आईनं नोकरी केली म्हणून, आजीनं लाड केले म्हणून, मॅगी खाल्ली म्हणून एडीएचडी होत नाही. आणि इथे एक गंमत होते. तपासणीच्या खोलीत वडील हसून सांगतात, “अहो डॉक्टर, मीही लहानपणी असाच होतो. काही बिघडलं का माझं?” त्यांना वाटतं आपण मुद्दा खोडून काढला. प्रत्यक्षात त्यांनी कौटुंबिक इतिहास सांगितलेला असतो. बिघडलं नाही हे कितपत खरं ते त्यांच्या बायकोला विचारावं: विजेचं बिल कोण भरतं, गाडीची चावी रोज कोण शोधतं, तिसरी नोकरी का सोडली. कधीकधी मुलाच्या निमित्तानं चाळिशीच्या बापाला स्वतःच्या शाळेची वर्षं पहिल्यांदा समजतात. अशा घरात मुलाला शिस्त लावणाऱ्याचाच स्वतःच्या वेळेवर ताबा नसतो, हेही लक्षात घ्यायला हवं. मदत दोघांनाही लागू शकते.

आईवडिलांमुळे एडीएचडी होत नाही, पण त्यांच्या वागण्यामुळे तो घरात किती उग्र होईल हे बऱ्याच अंशी ठरतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतली भांडणं बारकाईनं नोंदवून एक चक्र दाखवून दिलं. आई म्हणते, टीव्ही बंद कर. मुलगा ऐकत नाही. आई पुन्हा सांगते, आवाज चढतो. मुलगा किंचाळतो. आई दमलेली असते, ती म्हणते, मर, बघ मग. मुलगा शिकला: किंचाळलं की काम टळतं. दुसऱ्या दिवशी आई आधीच ओरडून धपाटा घालते, मुलगा उठतो. आता आई शिकली: धपाट्याशिवाय चालत नाही. दोघंही एकमेकांना वरच्या पट्टीचं प्रशिक्षण देत राहतात. मंडईतल्या घासाघिशीसारखं होतं ते. पहिला भाव कुणीच खरा मानत नाही. पाचव्यांदा ओरडून सांगितलं की हिला खरंच हवंय, असा हिशेब मूल मनात मांडून बसतं. एडीएचडी असलेली मुलं या चक्रात लवकर अडकतात, कारण पहिली सूचना त्यांच्या कानावर पडली तरी डोक्यात टिकत नाही, आणि राग आला की तो क्षणात शिगेला जातो. तो उतरतोही तसाच. आई अजून थरथरत असते आणि मुलगा येऊन विचारतो, जेवायला काय आहे? यात बेपर्वाई दिसते, पण त्याच्यापुरतं ते प्रकरण खरोखर संपलेलं असतं.

आपण मुलाकडे कोणत्या नजरेनं बघतो त्याचा आपल्या वागण्यावर काय परिणाम होतो, याचा एक झकास प्रयोग डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिच यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केला. आपला मुलगा साखर खाल्ली की उधळतो, अशी खात्री असलेल्या आया त्यांनी निवडल्या. मुलं पाच ते सात वर्षांची. निम्म्या आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कुणालाच साखर दिली नव्हती, सगळ्यांना साखर नसलेलं गोड पेय दिलं होतं. तरी ‘साखर’ ऐकलेल्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. चित्रफितीत त्या मुलांच्या अगदी जवळ खेटून राहिलेल्या दिसल्या, आणि टोकण्याकडेही त्यांचा कल जास्त होता. पेढे-जिलबीवर खापर फोडणाऱ्या समजुतीला यानं धक्का बसला, पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. वाईटाची वाट बघणारं माणूस मुलाभोवती घुटमळत राहतं, आणि सतत कुणीतरी घुटमळत असलेलं मूल शांत राहत नाही.

मग त्या सात दहाच्या क्षणी करायचं काय?

पहिलं म्हणजे सूचना छोटी करायची. “आल्यावर हातपाय धू, युनिफॉर्म बदल, डबा सिंकमध्ये ठेव आणि डायरी दाखव” यात चार कामं आहेत. चालू काम मनात धरून ठेवण्याची मुलाची क्षमता तोकडी असेल तर ते हातपाय धुवायला जातं आणि बाथरूममध्ये साबणाचे फुगे करत बसतं. त्याच्याजवळ जावं, नाव घेऊन, खांद्यावर हात ठेवून एकच काम सांगावं. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं सांगितलं असं धरूच नये. ते झालं की पुढचं. हे दमवणारं आहे, यात शंका नाही. पण सात वेळा ओरडण्यापेक्षा कमी दमवणारं.

दुसरं, जे डोक्यात टिकत नाही ते डोळ्यांसमोर आणायचं. बुटाच्या कपाटाच्या दारावर चार चित्रं: बूट, डबा, पाण्याची बाटली, दप्तर. वेळ तर या मुलांना जाणवतच नाही. ‘दहा मिनिटं’ हा त्यांच्यासाठी नुसता शब्द असतो. वाळूचं घड्याळ, काट्यांचा मोठा टायमर, सकाळच्या गाण्यांची ठरलेली यादी (तिसरं गाणं लागलं की बूट) असं काहीही चालेल, वेळ दिसली किंवा ऐकू आली पाहिजे.

तिसरं, शाबासकी लगेच आणि नेमकी. महिनाअखेरीला सायकल हे आमिष निरुपयोगी, कारण महिनाअखेर त्याच्या नकाशावरच नाही. “गृहपाठाची वही न सांगता काढलीस, छान” हे त्याच मिनिटाला. येल विद्यापीठातले ॲलन कॅझ्डिन यांच्या पालक-प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे: हवं ते वागणं छोट्या तुकड्यांत घडवून आणायचं आणि घडताच दखल घ्यायची. आपल्याकडे तोंडावर कौतुक केलं की मूल शेफारतं असं मानतात. या मुलांच्या बाबतीत ही भीती बाळगण्याचं कारण नाही. दिवसभरात त्यांना टोमण्यांची इतकी सवय असते की कौतुक आधी कुणाबद्दल चाललंय तेच कळत नाही. बिल्ले, तारे, टिचभर चॉकलेट, झोपताना जास्तीची एक गोष्ट, काहीही चालेल. दोन-तीन आठवड्यांत ते शिळं होईल, तेव्हा बदलावं. तीच युक्ती वर्षभर चालेल अशी अपेक्षा ठेवणारे पालक “करून पाहिलं, उपयोग नाही” म्हणत परत येतात.

आणि चुळबूळ? होऊ द्यावी. फ्लोरिडातल्या मार्क रॅपोर्ट यांच्या गटानं 2015 मध्ये दाखवलं की एडीएचडी असलेली मुलं जास्त हलत होती तेव्हा स्मरणाची कामं जास्त चांगली करत होती. इतर मुलांत उलट झालं. हालचाल हा या मुलांचा जागं राहण्याचा मार्ग दिसतो. मग पाढे झोपाळ्यावर म्हणू द्या, शुद्धलेखन ओट्यापाशी उभं राहून लिहू द्या. मांडी घालून ताठ बसणं हा अभ्यास नव्हे. पळणं, पोहणं, मल्लखांब, ढोलपथक, जे आवडेल ते रोज असावं, आणि मार्क कमी पडले म्हणून मैदान बंद ही शिक्षा कधीही नसावी. दमलेल्या संध्याकाळी ती फारच हाताशी असते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

लहान मुलांत, साधारण सहा वर्षांच्या आत, आईवडिलांनी वागण्याची ही तंत्रं शिकणं हाच पहिला उपचार मानतात. त्यापुढे औषधाचा विषय येतो आणि घरातली हवा बदलते. “एवढ्याशा पोराला मेंदूची गोळी?” या गोळीची कूळकथा अपघाती आहे. 1937 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या एका संस्थेत काम करत होते. मेंदूची एक तपासणी केल्यावर मुलांचं डोकं फार दुखायचं. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रीन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखीला फारसा फरक नाही, पण काही मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. मग तीस मुलांवर त्यांनी ते पद्धतशीर वापरून पाहिलं, आणि जवळपास निम्म्यांत शाळेतला फरक डोळ्यांत भरणारा होता. चंचल मुलाला उत्तेजक दिलं की ते स्थिर होतं, हे तेव्हाही कोडं होतं. आज त्याचा अर्थ असा लावतात की आवर घालणाऱ्या भागाला डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन पुरेसं मिळालं की तो भाग आपलं काम करू लागतो. आपल्याकडे जास्त वापरलं जातं ते मिथाइलफेनिडेट 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. ते बनवणाऱ्या लिआंद्रो पानित्झोन यांच्या बायकोचं लाडकं नाव रीटा, त्यावरून औषध झालं रिटालिन.

मिथाइलफेनिडेट अर्ध्या-एक तासात काम सुरू करतं आणि काही तासांनी उतरतं. बहुतेक मुलांना त्याचा फायदा होतो. भूक कमी होणं हा सर्वांत नेहमीचा त्रास: दुपारचा डबा तसाच परत येतो. त्यामुळे गोळीआधी पोटभर नाश्ता आणि रात्री थोडं उशिरा भरपेट जेवण, ही साधी व्यवस्था करावी लागते. झोप, उंची, वजन, नाडी, रक्तदाब यांवर डॉक्टर लक्ष ठेवतात; घरात कुणाला हृदयाचा आजार असेल तर ते आधी सांगावं. ॲटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधंही आहेत, ती लागू पडायला काही आठवडे लागतात. गोळी मुलाला हुशार करत नाही आणि गुंगीतही ठेवत नाही. मूल मलूल, उदास दिसू लागलं तर मात्रा किंवा औषध चुकतंय, लगेच कळवावं. अमेरिकेत 579 मुलांवर चौदा महिने चाललेल्या मोठ्या तुलनेत (निष्कर्ष 1999 चे) मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेलं औषध नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही एकत्र दिल्याचा फायदा घरातली भांडणं, चिंता, अभ्यास यांत दिसला. गोळी त्या सात दहाच्या क्षणाला थोडी ऐसपैस करते. त्या क्षणात काय करायचं ते शिकवावं लागतंच.

शाळेचं प्रकरण आपल्याकडे जरा अडचणीचं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत; त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. पण एडीएचडी आणि वाचन-लेखन-गणितातली अक्षमता बऱ्याच मुलांत जोडीनं येतात. त्यामुळे लक्षाचं निदान झालं की अध्ययन अक्षमतेची चाचणीही करून घ्यावी. ती आढळली आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते, पण रांग मोठी असते. दहावीच्या दिवाळीत धावाधाव करण्यापेक्षा आठवीतच कामाला लागावं. वर्गात मात्र कुठल्याही प्रमाणपत्राविना बरंच होऊ शकतं. पहिल्या बाकावर जागा, फळा पुसायचं काम, मोठ्या उताऱ्याऐवजी दोन छोटे. शिक्षकांना भेटायला जाताना तक्रारीची फाइल नेण्याऐवजी एकच विनंती न्यावी, आणि पंधरा दिवसांनी आभार मानायला पुन्हा जावं. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना तेवढं झेपतं. जवळपास तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या 14416 क्रमांकाच्या मोफत सेवेवरून सुरुवात करता येते.

वय वाढलं की उड्या कमी होतात, म्हणून मोठं झाल्यावर आपोआप जातं असं वाटतं. त्याच 579 मुलांचा सोळा वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं की पूर्ण बरं होऊन तसंच राहिलेली साधारण दहांत एक. बहुतेकांची लक्षणं कमी-जास्त होत राहिली. चौदा-पंधराव्या वर्षी चंचलता आत शिरते: मनात सतत काहीतरी धावत असतं, बाहेरून मुलगा गादीवर लोळताना दिसतो. दहावी, क्लास, सराव परीक्षा, प्रोजेक्ट असे बेत आखायचे प्रसंग नेमके याच काळात वाढतात. आणि आईनं दप्तर भरून द्यायचं वय संपलेलं असतं. इथे बऱ्याच घरांत आधार एकदम काढून घेतला जातो: आता मोठा झालास, तुझं तू बघ. शॉ यांच्या अभ्यासात कपाळामागच्या भागाचा उशीरच सर्वांत ठळक होता, हे विसरलं जातं.

आधार ठेवायचा, पण हुकूम कमी करायचे. किशोरवयीन मुलाबरोबर नियम ठरवताना तो खोलीत असला पाहिजे, आणि निदान एक अट त्याची मान्य व्हायला हवी. ‘जर-तर’ची वाक्यं त्यालाच बनवू द्यावीत: जर मित्राचा मेसेज आला, तर उदाहरण पूर्ण करून मग बघीन. हे बाळबोध वाटतं, पण जर्मनीत कातेरिना गावरिलोव आणि पीटर गोलविट्झर यांनी 2008 मध्ये एडीएचडी असलेल्या मुलांवर हे करून पाहिलं, तेव्हा नुसता निश्चय केलेल्यांपेक्षा ‘जर-तर’ ठरवलेल्या मुलांना स्वतःला थांबवणं जास्त जमलं. एकट्यानं खोलीत दार लावून अभ्यास या मुलांना जमत नाही. शेजारी कुणीतरी आपलं काम करत बसलं तर जमतो. आजोबा पेपर वाचत बसले तरी पुरतं. गावोगावच्या अभ्यासिका त्यासाठी उत्तम, तिथे निदान चाळीस माना पुस्तकात असतात. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आणि मुलाचा ठेवायचा तर आईबाबांचाही. औषधाबद्दल सोळा वर्षांच्या मुलाशी डॉक्टरांनी थेट बोलावं, आईवडील बाहेर असताना. “मला गोळी नको” याचा अर्थ बऱ्याचदा “मित्रांनी पाहिली तर?” एवढाच असतो. ही गोळी परीक्षेआधी मित्राला देणं कायद्यानं गुन्हा आहे, हेही त्याला याच वयात स्पष्ट सांगायला हवं.

अठरा पूर्ण झाली की घरात स्कूटरचा हट्ट येतो. काहींच्या घरी आधीच. इथे मी सैल सोडण्याच्या बाजूनं नाही. स्वीडनमधल्या सतरा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्यांमध्ये गंभीर रस्ते अपघातांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. त्यातल्या पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात ही जोखीम औषध बंद असलेल्या काळापेक्षा 58 टक्क्यांनी कमी दिसली. सकाळची गोळी संध्याकाळी, क्लासवरून परतायच्या वेळी उतरलेली असते, ही बाब डॉक्टरांसमोर काढावी. बाकी नियम घरचे आणि लेखी: परवान्याशिवाय चावी नाही, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सेल्फ नाही, मोबाइल आधी डिकीत आणि डिकी बंद. पहिले सहा महिने मागे मित्र बसणार नाही. नियम मोडला तर आठवडाभर स्कूटर बंद आणि त्यावर एकही व्याख्यान नाही. आठव्या दिवशी चावी न मागता परत द्यायची.